उष्टा श्वास

१

जुनं यंत्र विकत घ्यायचं झालं की मी आधी त्याचा वास घेतो. विकणारा काय सांगतो ते नंतर. कॉम्प्रेसर असो नाहीतर पंप, आत पाणी शिरून गेलं असेल तर गंजाचा वास लपत नाही, आणि वरून नवा रंग फासला असेल तर तोही लपत नाही. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि आजवर कुणी माझ्या गळ्यात भंगार मारलेलं नाही. ही फुशारकी नव्हे. पुढे जे झालं ते मला यंत्रातलं कळत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको एवढंच.

रघू हा माझ्या धाकट्या बहिणीचा, राहीचा नवरा. मुंबईला गिरणीत होता. संप झाला, गिरणी बंद पडली आणि दोघं माझ्याकडे राहायला आली. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे घरात जागा होती. रघूला तोंडावर मी भावोजी म्हणायचो आणि मनात रघू. माणूस चांगला, पण रिकामा बसला की घरभर येरझाऱ्या घालायचा आणि त्या मला बघवत नसत.

तो मूळचा केळशीचा, पाण्यातच वाढलेला. त्या सुमारास मिरकरवाडा बंदरात मासेमारीचे ट्रॉलर फार झाले होते आणि ट्रॉलरच्या पंख्यात जाळं गुंतणं हे रोजचंच होतं. जाळं कापून पंखा मोकळा करायला पाण्याखाली जाणारा माणूस लागे. रघूने गोदीतल्या एका पाणबुड्याकडून सिलिंडर लावून बुडायचं थोडंफार शिकून घेतलं होतं. तेच करायचं त्याने ठरवलं. सिलिंडर मिळाले, हवा भरायचा कॉम्प्रेसर मी भंगारातून उभा केला. राहिला रेग्युलेटर. सिलिंडरमधली हवा इतक्या दाबाची असते की तशीच तोंडात सोडली तर छाती फाटेल. रेग्युलेटर तो दाब उतरवतो आणि माणूस ओढेल तेवढीच हवा त्याच्या तोंडात देतो. नवा घ्यायची ऐपत नव्हती. जुना घ्यायचा तर तो पारखणार मी.

"बाकी काय पन जुना चालंल," राही म्हणाली. "पन ज्याच्यावर तेंचा जीव हाय ता तू नीट बगून घे, दादा."

२

राजिवड्याचा गनी आखातात एका बार्जवर खलाशी होता. बार्ज मोडीत निघाली तेव्हा तिच्यावरचं बरंच सामान तो घेऊन आला होता आणि एकेक करून विकत होता. गोड माणूस. त्याची बायको हमिदा, तिने चहा दिला, सोबत नारळाची वडी दिली, आणि गनीने पडवीत गोणपाटावर दोन रेग्युलेटर मांडले.

पहिला चकचकीत होता. हवा आत शिरते तिथे एक बारीक गाळणी असते, ती मी भिंगातून पाहिली. हिरवी पडली होती, म्हणजे खारं पाणी आत जाऊन आलेलं. तो बाजूला केला. दुसरा दिसायला अगदीच भिकार, वरचा मुलामा उडालेला. पण गाळणी कोरी होती. नळी वाकवून पाहिली, भेग नाही. सिलिंडरला जोडला, कुठे फुसफुस नाही. बटण दाबलं की हवा येई आणि सोडलं की त्याच क्षणी बंद होई. मग तो नाकाशी धरला. वास आलाच नाही. रबराचा नाही, तेलाचा नाही, मिठाचा नाही. तेव्हा मला ती चांगलीच खूण वाटली.

दोष एकच होता. तोंडात धरायचं रबर चावून चावून खराब झालं होतं. मी ते बोटाने दाखवलं तर गनी हसला. सगळेच पाणबुडे चावतात, म्हणाला, गारठ्याने दातखीळ बसते.

"आतनं बग, म्हयपतदा. भायरचा काय बगतंस?"

आतून बघितलं होतंच. घासाघीस करायची मला सवय आहे, ती केली आणि रेग्युलेटर पिशवीत टाकला. आखातातल्या पाण्यात एवढा गारठा कुठला, हे माझ्या डोक्यात घरी परतताना आलं.

३

वर्कशॉपमध्ये तो सगळा सुटा केला. साबणाच्या पाण्याने धुतला, आतला रबरी पडदा उजेडात धरून पाहिला. असं स्वच्छ काम मी क्वचित पाहिलंय. शेवटी ते तोंडाचं रबर हातात घेतलं.

त्याची रचना साधी असते. दोन खुंट दातांत धरायचे, एक चकती ओठांच्या आत बसते आणि पुढचा नळीचा भाग ओठांबाहेर राहतो. खुंटांवर दातांचे ठसे असणारच, ते होतेच. पण ओठांबाहेरच्या भागावरही होते. वरची ओळ, खालची ओळ, चांगली खोल. एकाच्या तोंडात ते रबर असताना दुसऱ्याने समोरून, तोंडाला तोंड लावून, चावा घेतला असता तर असे ठसे उमटले असते. मी ते उलटसुलट करून बघत राहिलो. मग ठरवलं की गनीच्या बकरीने चावलं असेल. बकरीला वरचे पुढचे दात नसतात हे थोड्या वेळाने आठवलं, तेव्हा कुत्र्याने चावलं असं ठरवलं आणि कामाला लागलो.

घरी राहीने ते पाहिलं आणि हातच मागे घेतला. दुसऱ्याचं उष्टं, आणि तेही कुणाचं ते माहीत नाही. आमच्या घरात कुणी कुणाचा पेला तोंडाला लावत नाही, आणि हे तर नुसतं तोंडाला लावलेलं नव्हे, चघळलेलं होतं. रघू हसत होता. तसलं दुसरं रबर रत्नागिरीत मिळणार नव्हतं आणि मुंबईहून मागवायला धीर कुणाला होता? मी ते मीठ घालून उकळलं. तरी राहीची मान हलेना. मग माझं डोकं फिरलं. ते लवकर फिरतं. मी रेग्युलेटर उचलला, रबर तोंडात घातलं, खुंट दाताखाली घट्ट धरले आणि तिच्यासमोर दोन श्वास ओढून दाखवले.

"घे. आता हे माझं उष्टं," मी म्हटलं. "भावाचं चालतं ना?"

यावर ती हसली, रघूही हसला. मीही हसलो असतो, पण ते तोंडात असताना कुणीतरी ते हलकेच पुढे ओढलं होतं. दात आवळलेले नसते तर निसटलंच असतं. नळीचं वजन, मी मनाशी म्हटलं. वजनाने वस्तू खाली जाते, पुढे नाही, हे मला कळत होतं. पण घरात इतक्या दिवसांनी हसणं ऐकू आलं होतं आणि ते मला मोडायचं नव्हतं.

४

घरामागे जांभ्यात खोदलेली विहीर आहे, खोल आणि नितळ पाण्याची. भर दुपारी रघू तीत उतरला. कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सोडा, लागोपाठ झटके म्हणजे वर ओढा. राही रहाटाला धरून उभी होती.

सिलिंडर लावलेला माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे वर येतात आणि ओढतो तेव्हा पाणी स्वस्थ असतं. रघूचे बुडबुडे येत होते, मोठे, सावकाश. मग पाणी स्वस्थ. आणि त्या स्वस्थ पाण्यात मधेच बारीक बुडबुड्यांचा एक घोळका वर यायचा, घाईघाईने. मग पुन्हा रघूचे मोठे. मग पुन्हा ते बारीक. पळून दमलेल्या माणसाचा श्वास असाच लागतो. कुठेतरी हवा गळत असेल, मी म्हटलं. पण गळती एकसारखी असते, ती घाबरत नाही.

त्याच वेळी माझ्या छातीचंही काहीतरी बिनसलं होतं. खालून मोठे बुडबुडे येईपर्यंत मला श्वास घेता येत नव्हता. म्हणजे अगदी गुदमरलो असं नव्हे, थांबावं लागत होतं. दारातून आधी दुसऱ्याला जाऊ द्यावं तसं. विड्या कमी करायच्या असं मी ठरवून टाकलं.

रघू वर आला तो खुशीत. हवा मागायच्या आधीच मिळते, म्हणाला, ओढावंच लागत नाही. त्याच्या गालावर कानापासून ओठापर्यंत ओरखडे होते आणि त्यांतून रक्त येत होतं. जांभ्याची भिंत खरबरीत असते, घासला असेल. राहीने पदराने गाल पुसला. भिंतीला घासला तर खांदा आधी घासेल, कोपर घासेल. ते दोन्ही मी पाहिले, आणि दोन्हीवर काही नव्हतं.

५

मग रेग्युलेटर मी वर्कशॉपमध्ये खुंटीवर टांगून ठेवला. सिलिंडरला न जोडता. सोडलेला श्वास बाहेर पडतो तिथे एक पातळ रबराची झडप असते, ती प्रत्येक उच्छ्वासाला टप् वाजते. संध्याकाळी शेजारचे गाळे बंद झाले, माझ्याकडची यंत्रंही बंद केली, आणि मी चहाचा कप धुवत असताना खुंटीवर टप् झालं. मी नळ बंद केला. टप्. थोडी विश्रांती. टप्, टप्, टप्.

भीती वाटली का विचाराल तर आधी रागच आला. मी ज्याचा प्रत्येक तुकडा हाताने धुतला होता त्या यंत्राने असं वागावं हा मला आगाऊपणा वाटला. खाली काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. रबरी पडद्याच्या आत, खालच्या तरफेत, एक नख अडकलं होतं. माणसाचं, अख्खं, मुळाशी मांस असलेलं. ते मऊ होतं, अजून वाळलेलं नव्हतं.

चिमट्याने धरून ते मी जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि फडकं भट्टीत टाकलं. हात धुतले, पुन्हा धुतले. घरी येऊन रघूला म्हटलं, भावोजी, हा रेग्युलेटर मी गनीला परत करतो, यात दोष आहे. कसला दोष, त्याने विचारलं. हवा देत नाही का? देतो. गळतो का? नाही. मन्सूरचा निरोप आला होता, त्याच्या ट्रॉलरच्या पंख्यात जाळं बसलं होतं आणि सकाळीच यायला सांगितलं होतं. रघूच्या हाताला पहिलं काम.

"गिरनी गेली, दादा," रघू म्हणाला. "आता ह्या पन सोडू का?"

राही चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्याकडे पाहून मी म्हटलं, सकाळी दोरी मी धरीन.

६

ट्रॉलर जेटीपासून थोडा बाहेर नांगरला होता. पाणी गढूळ होतं. मिरकरवाड्याच्या रिवाजाप्रमाणे मन्सूरने इंजिनाची चावी माझ्याकडे दिली. माणूस पंख्याखाली असेपर्यंत ती दोरी धरणाऱ्याच्या खिशात राहते. रघूने सुरी कमरेला अडकवली, रबर तोंडात धरलं आणि काठावरून पाठमोरा पाण्यात गेला.

तो पाण्याखाली गेला आणि माझा श्वास बंद झाला.

लागला नाही, अडखळला नाही, बंदच झाला. तोंड उघडं होतं, समोरून वारा येत होता आणि आत काही जात नव्हतं. मग दात आपोआप मिटले. जबडा इतका आवळला की कानात कट् असा आवाज झाला. माझ्या तोंडातून कुणीतरी काहीतरी उपसून काढत होतं, आणि माझ्या तोंडात काहीच नव्हतं. मन्सूर माझा दंड हलवून काही विचारत होता. दोरी ताणली गेली आणि झटके देऊ लागली, लागोपाठ. मी ओढली. ती कशाला तरी घट्ट अडकली होती. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं तशी मी उडी मारली. रघूला वाचवायला मारतोय, असं मी स्वतःला सांगितलं.

दोरी धरधरून खाली गेलो. पंख्यापाशी रघू दिसला. त्याचे दोन्ही हात कामात होते. एकाने जाळं ताणून धरलं होतं, दुसऱ्याने सुरी चालवत होता, अगदी निवांत. आणि त्याच्या तोंडाशी आणखी दोन हात होते. रबर धरून ओढत होते. क्षणभर मला वाटलं ते माझेच. माझे दोन्ही हात दोरीवर होते.

त्यांच्यामागे काही असेल तर ते मी पाहिलं नाही. पाहायला उरलो नाही. रघूच्या तोंडात हवा होती, आणि ती मी घेणार, एवढं एकच डोक्यात उरलं. मी त्याचे केस धरले, मान मागे वाकवली. त्याने सुरी फिरवली, ती माझ्या दंडात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. दुखलं नाही. गुडघ्याने मी त्याच्या पोटात मारलं. रबर सुटेना. मग मी तोंड पुढे केलं आणि त्याच्या ओठांपुढे जेवढं रबर होतं तेवढं दातांत पकडलं. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांना लागून होते. त्याने मला ओळखलं होतं आणि तरीही तो सुरी चालवत होता. मीही त्याला ओळखलं होतं.

मन्सूरच्या माणसांनी आम्हाला दोरीने वर घेतलं तेव्हा आम्ही तसेच होतो, समोरासमोर, एका रबराला चावून. जबडे उघडेनात. मन्सूरने दातांत मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून ते उघडले. माझे दोन दात तुटून फळीवर पडले आणि रघूचा खालचा ओठ हनुवटीपर्यंत फाटला. मन्सूरने तो रेग्युलेटर सिलिंडरसकट, कुणाला न विचारता, समुद्रात फेकून दिला.

७

दवाखान्यात माझा दंड शिवला, रघूचा ओठ शिवला. छातीचे फोटो काढले. छाती दोघांचीही स्वच्छ होती, डॉक्टर म्हणाले, घाबरल्याने असं होतं.

काय झालं होतं ते आधी राहीच्या लक्षात आलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून पेज पीत होतो आणि ती वाढत होती. एकदम तिने हात वर केला आणि मला थांब म्हणाली. मी श्वास धरला. रघूची छाती वर आली. तिने हात खाली घेतला, मी श्वास घेतला, आणि रघूची छाती जागच्या जागी थांबली. तिने हे पुन्हा करून पाहिलं नाही. डाव हातात तसाच धरून ती बराच वेळ आमच्यामध्ये बसून होती.

मी वर्कशॉपमध्ये राहायला गेलो. लांब गेल्याने फरक पडेल असं वाटलं होतं. पडला नाही. तिकडे रघूने विहिरीतून एक कळशी ओढली की इकडे मी यंत्रावर पालथा. इकडे मी एखादं चाक फिरवलं की तिकडे रघूचे ओठ निळे पडतात, असं राही सांगायची. मग ठरवून घेतलं. सकाळी तो पडून राहील आणि मी काम करीन, दुपारनंतर मी पडून राहीन. काही दिवस तसं निभलं. एखाद्या घरात दोघांत एक चप्पल असते, तसा एक श्वास.

पण चपलेचा राग येत नाही. एका सकाळी, माझ्या वेळेला, रघूने श्वास घेतला. चुकून नव्हे. लांब, भरपूर, मुद्दाम घेतलेला. मी उभ्याचा आडवा झालो आणि कॉम्प्रेसरच्या कडेवर कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात जात होतं आणि मला हसू येत होतं, कारण दुपारी त्याची वेळ होती. दुपारी मी खुर्चीत बसलो आणि छाती भरून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मला माहीत होतं तिकडे काय चाललं असेल. दुसऱ्या दिवशी त्याने घेतला. मग मी.

राही माझा डबा घेऊन आली तेव्हा तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. दम कोंडला की तेंना समोर कोन हाय ता कळत नाय, म्हणाली. त्या दिवशी मी श्वास अगदी थोडा थोडा घेतला. रात्री मात्र झोपेत माझं काही चाललं नाही.

८

वसाहतीला सुट्टी होती. दुपारी सगळे गाळे बंद, कुठे हातोडीचा आवाज नाही. राही आली, आत येऊन तिने कडी लावली. तिच्या हातात डबा नव्हता. नारळ सोलायची कोयती होती.

"तेंना टेकवून बशवून आयलंय," ती म्हणाली. "आता बसल्या जाग्यावर पन पुरत नाय तेंना."

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. मी उठायला गेलो आणि तिची कोयती धरलेली मूठ पाहून पुन्हा बसलो. ती रडत नव्हती. ती लहान असताना पायात काटा गेला की काढेपर्यंत अशीच ओठ मिटून उभी राहायची, आणि मला तिच्यावर फार माया आली.

"आय गेली तवा तू मना वाडवलास," ती म्हणाली. "ता मी इसरले नाय, दादा. पन दोगांना पुरत नाय."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी दोन दिवस हाच विचार करतोय. फक्त माझ्या विचारात मी उरत होतो."

तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं, आणि कोयती उचलली. मी खुर्चीसकट मागे सरकलो. बहीण असली तरी शरीर घाबरतंच. तोंड उघडलं आणि मी धापा टाकू लागलो. भिंतीला पाठ लागली. कोयती माझ्या डोक्याच्या वर होती आणि मी श्वास घेत होतो, एक, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, घाईघाईने, पोटापर्यंत जाणारे.

कोयती खाली आली नाही.

राही माझ्या छातीकडे बघत होती. मग माझ्याही ध्यानात आलं. मिरकरवाड्याच्या त्या सकाळपासून माझा एकही श्वास पुरा झाला नव्हता. प्रत्येक अर्ध्यावर तुटत होता, पलीकडून तो ओढत होता म्हणून. आता पलीकडून कुणी ओढत नव्हतं.

मी दोन्ही हातांनी नाकतोंड दाबून धरलं. घेतलेलं परत देता येईल, अजून वेळ असेल, असं वाटून दाबून धरलं. कानात घणघण सुरू झाली, खुर्ची उलटली. राही हलली नाही, नुसती माझ्याकडे बघत ऐकत होती. शेवटी हात आपोआप सुटले. श्वास आत आला, खोल, भरपूर, मधे कुणी न अडवता. तो तिला ऐकू आला.

कोयती टाकून तिने कडी काढली आणि घराच्या दिशेने धावत सुटली. तिच्यामागे मी धावलो. वसाहतीचा चढ, मग डांबरी रस्ता, मग आमच्या बागेची पायवाट, कुठेही न थांबता सगळी वाट धावलो, आणि मला एकदाही दम लागला नाही.